पास की बाद

जगात वस्तूंचे पास आणि बाद असे दोनच प्रकार आहेत, असे ठामपणे मानणारा आमच्या काकांसारखा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या तपासून त्या रस्त्यावर सोडायच्या की नाही हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन विश्रामबागेत घर बांधले तरी तपासणी काही सुटली नाही. मावशीचा मिक्सर, शेजाऱ्यांची स्कूटर, गणपतीच्या मांडवाचे बांबू, सगळे ते एकदा हलवून बघतात आणि निकाल देतात. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाच्या आधी अंगणात फेऱ्या मारायला लावल्या आणि आत येऊन सांगितले, "पास. पण डावा पाय जरा वढतोय." बिचाऱ्याला नवा बूट चावत होता, हे लग्नानंतर कळले.

अशा माणसाने सुटे भाग मागवून घरच्या घरी मोटार जोडायला घेतली, तर ती पूर्ण कशी होणार? एखादा नट मनासारखा बसला नाही की काका सगळा सांगाडा पुन्हा खोलत. इंजिन बसले, चाके लागली, पण दारे, बॉनेट आणि काच अजून भिंतीला टेकून होती. तेवढ्यात साताऱ्याजवळच्या एका माळावर हौशी लोकांची ऑटोक्रॉस भरणार असल्याचे कळले. माळावर प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे आणि त्यांना धक्का न लावता एकेकाने वळणावळणाने गाडी पळवायची, असा तो प्रकार. काकांना आपल्या गाडीची प्रत्येक उणीव एकदम गुण वाटू लागली. "दारं न्हाईत म्हंजे वजन कमी. काच न्हाई म्हंजे पुसायची कटकट न्हाई." रिव्हर्स पडत नव्हता. त्यावर "फौजेत माघार नसती रं," म्हणून त्यांनी गाडी मागे ढकलायला मला आणि मावशीला जुंपले. मावशी ढकलता ढकलता म्हणाली, "आवं, पदर चाकात गेला तर शर्यतीआधी मीच बाद हुईन!"

जन्मभर दुसऱ्यांनी पळवायच्या गाड्या पास केल्या, एक तरी आपली आपण पळवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती बोलून दाखवताना त्यांचा करडा चेहरा असा उजळायचा की मला भरून यायचे. पण तपासल्याशिवाय शर्यतीला नाव देणे त्यांच्या रक्तात नव्हते. म्हणून गाडी टेम्पोत घालून आटपाडीजवळ त्यांच्या भावाच्या माळावर नेली आणि शंकूंच्या जागी घमेली उपडी मांडली. पहिल्याच वळणावर एक घमेले चाकाखाली गेले, पुढच्या वळणावर दुसरे. काका उतरले. "स्टेरिंग थरथरतंय. बोल्ट ढिला आसंल." सगळे बोल्ट आवळले, तरी तेच. मग त्यांनी मला बसवले. मी भीत भीत फेरी मारली. एकाही घमेल्याला धक्का लागला नाही आणि स्टेअरिंग अगदी निवांत होते.

"थरथरतंय का?"

"थोडं थोडं, काका."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि एखादा सुटा भाग तपासावा तसे उलटसुलट करून न्याहाळले. हात कापत होते. "खोटं बोलू नगंस. गाडी पास हाय. डायव्हर बाद." मावशीने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि कपाखाली आपला हात धरून ठेवला.

साताऱ्याला मग गाडी मीच पळवली. शेवटून दुसरा आलो. काका दोरीच्या बाहेरून माझ्याबरोबर धावत ओरडत होते, "आधी ब्रेक दाब, मंग वळीव!" मावशी त्यांच्यामागून त्यांची टोपी घेऊन धावत होती. बक्षीस मिळालेल्या पोराला बाजूला घेऊन काकांनी त्याचीही गाडी तपासली आणि बाद केली.

परतताना गाडी टेम्पोत चढवली तेव्हा काका पुढे केबिनमध्ये बसायला तयार होईनात. ते मागे आपल्या गाडीतच बसले, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून. मीही मागेच, टेम्पोच्या फळीला टेकून बघत होतो. रस्त्याला वळण आले की टेम्पोबरोबर तेही वळवत होते. प्रत्येक वेळी, आधी ब्रेक दाबून.