दुष्काळी जहाज आणि सोमवारची मंडळी

माल साठला की विकता येतो. किस्से नुसतेच साठतात. त्यांना एक्सपायरी नाही, आणि सांगावं म्हटलं तर काउंटरपलीकडे कोणी नसतं. म्हणून लिहून टाकतो.

आयर्लंडात नास नावाच्या गावी माझं किराणा दुकान आहे. पोहे, कुरडया, भाजणी. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-नागपूरचे इंजिनिअर. उन्हाळ्यात त्यांचे आईवडील येतात. मुलगा-सून कामावर गेले की ही मंडळी कोथिंबिरीची एक जुडी घ्यायला येतात आणि जेवणवेळेपर्यंत बसतात. मला चालायचं. मीही एकटाच.

सोमवारी दुकान बंद. बंद दुकानात मी तरी काय करणार? मित्राची मोठी गाडी मागून मंडळींना दक्षिणेकडे न्यायचो. तिथं नदीच्या धक्क्याला एक लाकडी जहाज बांधून म्युझियम केलंय. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाट्याचं पीक बुडालं, त्या दुष्काळात इथली माणसं असल्याच जहाजांतून अमेरिकेला गेली.

२०१७ला बार्शीहून माझी आईही आली होती. वडील गेल्यापासून ती तिकडे एकटी. 'राहतेस का इथंच? कागदपत्रांचं मी बघतो,' म्हटलं, तर म्हणाली, 'बघू.' 'बघू' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे धंद्याने मला शिकवलंय. तरी आशा होती. तीही त्या सोमवारी गाडीत बसली.

*

जहाजाच्या पोटात लाकडी फळ्यांचे बिछाने. गाईडबाई म्हणाली, एका फळीवर एक अख्खं कुटुंब झोपायचं.

नागपूरचे देवतळे काका आत वाकून बघत म्हणाले, "शेठ, हे तं माह्यी बॉक्सरूम होय!" बॉक्सरूम म्हणजे इथल्या घरातली सगळ्यांत लहान खोली. मुलाने काकांना तीच दिली होती.

गाईडने मला विचारलं, "काय म्हणतायत ते?"

"ग्रँड म्हणतायत," मी सांगितलं. इथं ताप आला तरी माणूस ग्रँडच असतो.

काका हसले, आणि फळीवरून हात फिरवत राहिले.

*

पुढच्या कोपऱ्यातून फाटक्या शालीतली एक मुलगी आली. म्युझियमचीच नटी. रडवेल्या आवाजात म्हणाली, आठवडाभर पोरांच्या पोटात काही नाही, कोणाकडे तुकडा आहे का?

इतर पर्यटक कौतुकाने गप्प उभे. आमच्या मंडळींत मात्र पिशव्यांच्या चेन उघडल्याचा आवाज. आपली माणसं दुष्काळाच्या म्युझियमलाही डबा घेऊन जातात! आईने दशमी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्या हातावर ठेवली.

"आई, अगं नाटक आहे ते."

"आसंल. पोरगी बघ की कशी वाळलीय."

नटीने दशमी खाल्ली. चटणीने तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

*

मग गाईडने जुनी रीत सांगितली. पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरचे आणि शेजारी त्याच्याभोवती जागत बसायचे. मयताला बसतात तसं. गेलेलं पुन्हा दिसत नसे, म्हणून जिवंतपणीच उरकून घ्यायचं.

भाषांतर माझ्याकडे. मी आईला सांगितलं, "सेंड-ऑफ पार्टी असायची."

आई गाईडबाईकडे बघत होती. "पार्टी हुती, तर तिचा आवाज का बसला रं?"

धंद्यात जे बोलायची गरज नाही ते मी बोलत नाही. मी म्हटलं, "चला, वर जाऊ."

*

वर डेकवर छान ऊन होतं. शेवटी गाईडने सगळ्यांना विचारलं, "कोणाकोणाच्या घरातलं माणूस घर सोडून परदेशी गेलंय? हात वर करा."

मी मराठीत सांगितलं. सगळे हात वर. देवतळे काकांनी दोन्ही केले, कारण मुलगी ऑस्ट्रेलियात. फक्त आईचे हात पदराखाली.

मी तिच्याशेजारी गेलो. "आई, काय विचारलं ते कळलं ना?"

"कळलं की."

"मग?"

"गावात कुनी तुझं इचारलं, तर मी सांगते, दुकानात हाय. खोटं हाय का?"

"नाही."

ती नदीकडे वळली. मग म्हणाली, "मंग तिकडं घरी कुनी तरी नको व्हय, सांगायला?"