ठेचा दगडावरचा होता

ते प्रकरण आठवलं की आधी माझे बूट आठवतात. साध्या वेशात पाळत ठेवायला गेलो आणि पायात खात्याचे तांबडे बूट! मेनूकार्ड ठेवायच्या आधीच वेटरने सलाम ठोकला, "जय हिंद, साहेब!" पाळत तिथेच संपली.

उंद्री गावाकडची एक बाई आठवड्यापासून बेपत्ता होती. तक्रार नवऱ्याची. 'जाताना काय नेलं' या रकान्यात एकच वस्तू लिहिलेली: वरवंटा. ठाण्यातले सगळे हसले. मला हसू येईना. पदराला दगड बांधून विहिरीत उडी घेतलेली बाई मी एकदा बाहेर काढली होती. दोन दिवस आम्ही शिवारातल्या विहिरींत गळ टाकले. नवरा रोज बाकावर येऊन बसायचा, "सापडली का, साहेब?"

मग खबऱ्याने सांगितलं, "बुलढाण्यात एका कॉलनीतल्या गार्डन बारमधी सैपाकाले नवी बाई आली, साहेब. कोणासंग बोलत नाही."

कडुलिंबाच्या दाट सावलीतली जागा. एकीकडे ठरलेल्या खुर्च्यांवर पेन्शनर मंडळी, पलीकडे हिरव्या जाळीआड फॅमिली. संशय नको म्हणून दुपारी सौ.ना घेऊन गेलो होतो. बुटांनी घात केल्यावर निदान जेवून घ्यावं म्हणून भरीत-भाकर मागवली. माझी अर्धी भाकर संपली तेव्हा सौ.नी ठेचा चाखला आणि थांबल्या.

"अहो, हा मिक्सरचा नाही. दगडावर वाटलेला हाये."

मी मालकाला बोलावलं. "ठेचा कोण वाटतं?"

"मिक्सर हाये ना, साहेब."

"दाखवा."

मिक्सरवर बोटभर धूळ होती. मालकाने मागचं दार उघडलं.

ती पाट्यासमोर बसली होती. मला पाहून उठली, पण वरवंटा सोडला नाही.

"मले त्याच्याकडं नेऊन राह्यले का?"

"नाही. तुम्ही सज्ञान आहात. कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा. फक्त जबाब लागेल."

"मंग लिवा. रोजचा मार होता. जित्ती हाये म्हणून लिवा, पत्ता सांगू नका त्याले."

महिला शिपायाला बोलावून रीतसर जबाब घेतला. सही झाल्यावर न राहवून विचारलं, "वरवंटाच का नेला?"

"माह्या मायचा हाये. बाकी समदं त्याचं."

ठाण्यात नवरा उसळला. "कुठी हाये ते?"

"सुखरूप आहे. पत्ता देऊ नका, असा तिचा जबाब आहे."

"मी नवरा हाये तिचा!"

"म्हणूनच."

नोकरीभर मी 'काय नेलं' ते नेमाने लिहीत आलो. ती का गेली, हे त्या आठवड्यात एकदाही त्या नवऱ्याला विचारलं नव्हतं. छापील कागदावर तो प्रश्न नव्हता, आणि माझ्याही डोक्यात नव्हता. निवृत्त झालो तरी ही चूक बोचते.

त्या संध्याकाळी मात्र छाती फुगवून घरी सगळं सांगितलं. वर म्हणालो, "रविवारी पुन्हा जाऊ तिथे. भरीत फक्कड होतं."

सौ.नी माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या माणसाले तिचा पत्ता ठाऊक नाही. तुमचा तं हाये ना? आता तिकडं जेवाले जायचं नाही."