घासलेलं मूळ

दातांच्या कॉलेजात तिला सगळे मावशी म्हणायचे. काढलेले दात मुलांना शिकायला लागतात, पण ते तसेच बरणीतून उचलून कुणाच्या हातात देता येत नाहीत. ते साफ करणं हे मावशीचं काम. औषधाच्या पाण्यात भिजवायचे आणि मग पात्याने मुळावरचं सगळं चिकट, पिवळट खरवडून काढायचं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं. कुणी कौतुक केलं की ‘त्यात काय एवढं’ म्हणायची आणि आणखी ऐकायला थांबायची.

एका सकाळी तिची लेक न्हाणीघरात पाय घसरून नळावर आपटली. पुढचा दात मुळासकट बाहेर आला. दहावीतली पोर, रक्त बघून पांढरीफटक पडली. मावशी डगमगली नाही. लेकीच्या तोंडाला स्वच्छ रुमाल लावला, दात उचलला आणि नळाखाली धरून खसाखसा घासला. मुळाला काही लालसर चिकटून राहिलं होतं, तेही सुरीने खरवडलं. मग दात कागदात गुंडाळून ती लेकीला कॉलेजात घेऊन आली.

डॉक्टरबाईंनी दात उजेडात धरला. “मावशी, हा कुणी घासला?”

“मीच. बघा ना, कसा लख्ख केलाय.”

बाईंनी लेकीला खुर्चीतच बसू दिलं आणि मावशीला बाहेर बोलावलं.

“दात हाडात बारीक तंतूंनी धरलेला असतो,” बाई म्हणाल्या. “मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो, त्यात त्या तंतूंची टोकं रुतलेली असतात. मुळावर ते ओले, जिवंत राहिले तरच दात पुन्हा नीट धरतो. तुम्ही तेच काढून टाकलंत.”

“पण मी तर रोज असंच करते.”

“रोजचे दात मेलेले असतात, मावशी. हा जिवंत होता.”

“म्हणजे आता बसणारच नाही?”

“बसवते. तार लावते. काही वर्षं राहील. पण हाड हळूहळू मूळ खाऊन टाकेल. तिला मी सांगू का?”

“नको. मी सांगते.” आपलेच हात तिला परके वाटत होते.

दात बसवून झाल्यावर लेक बाहेर बाकावर आईला टेकून बसली. ओठ सुजलेले, शब्द नीट फुटत नव्हते. “बरं झालं तू घरी होतीस,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं.”

गप्प बसणं सोपं होतं, बाईही काही बोलल्या नसत्या. पण मावशीने सांगितलं, अडखळत, सुरीसकट सगळं.

लेकीने ऐकून घेतलं. मग आईच्या खांद्यावरून डोकं उचललं, तोंडावर हात धरला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.