अप्पांनी आत्याची फांदी काढली

रविवारी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉलमध्ये आमच्या अप्पांची पंचाहत्तरी झाली. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहून मोकळी होते…

अप्पा म्हणजे माझे थोरले काका, राहणार मंद्रूप. मी सोलापुरात घरी बसून कोडिंग करते, तर त्यांचीच फर्माईश होती. "पोरी, आपली वंशावळ पडद्यावर दाव की सगळ्यांला!"

म्हटलं, हौसेनं करू. जावास्क्रिप्टची एक छान लायब्ररी आहे, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड… एकाखाली एक लटकणारी माहिती सांभाळते, आणि कुणी काही बदललं की तेवढाच बदल लगेच सगळ्यांच्या फोनवर पोचवते. झाडासारखं काम. प्रत्येक नाव कुठल्यातरी एकाच नावाखाली, आणि वरचं काढलं की खालचं सगळं जातं.

नियम अप्पांनी घातले. सुरुवात आजोबांपासून, आणि पोरं बापाच्या नावाखाली. मी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि म्हटलं, आपापली नावं भरा.

सगळ्यात मनापासून भरली ती टेंभुर्णीच्या कौसल्या आत्यानं. अप्पांची एकुलती एक बहीण. एका बोटानं टाइप करायचं आणि अडलं की मला फोन… "अगं, वर जोडायचं बटन कंचं आन् खाली जोडायचं कंचं?"

मुलगा सचिन, त्याची पोरं, सगळी नावं तिनं स्वतः घातली. आणि तिची सून कोण, तर अप्पांचीच लेक, स्वाती. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मामाची मुलगी करतात, त्यात नवल काही नाही. स्वातीचं नाव अप्पांच्या खाली होतं, पोरांची नावं सचिनच्या खाली.

तर रविवारी पडदा लागला. आत्या शेंगाचटणीचे डबे घेऊन सकाळीच आलेली. दुसऱ्या रांगेत बसून शेजारच्या बाईला पडद्यावरचं स्वतःचं नाव दाखवत होती.

अप्पांनी वर बघितलं आणि कपाळाला आठ्या. "दिलेल्या लेकीचं नाव हितं कशाला? तिचं घर टेंभुर्णीला हाय."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, अप्पा, सख्खी बहीण आहे तुमची! आणि मग माझं नाव कसं चालतं? तर म्हणाले, "तुजं राहू दे, तुजं लगीन व्हायचंय अजून."

म्हणजे माझी मुदत लग्नापर्यंत! बरं, मग स्वाती? "ती सोलापुरातच असती की." बघा आता… स्वतःची लेक चालते, बहीण तेवढी परकी.

मी काढायला साफ नकार दिला. तर यांनी स्वतःचा फोन काढला. 'याखालची सर्व नावे जातील, चालेल?' असं समोर आलं, ते न वाचताच 'हो' दाबून मोकळे.

भर हॉलमध्ये पडद्यावरून आत्याची अख्खी फांदी गेली. सगळ्यांच्या हातातल्या फोनवरूनही गेली, त्याच क्षणी. खाली ओळ सरकली… 'अप्पांनी कौसल्या हे नाव काढले.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि एवढ्या माणसांत एक जण बोलेल तर शपथ! माझे वडीलसुद्धा हातातल्या पाण्याच्या ग्लासात बघत बसले. त्यांचीही बहीणच ना ती?

आत्या हळूच म्हणाली, "असू दे गं बाय, कार्यक्रम हाय." आणि फोन पदराखाली ठेवून दिला. तिचं ते 'असू दे' अजून कानात आहे माझ्या.

तेवढ्यात मागून स्वाती ओरडली. "अप्पा, माजी पोरं कुटं गेली?"

अप्पा पडद्यावर शोधायला लागले. स्वाती होती, पण सचिन नाही, पोरं नाहीत. ज्या नातवंडांना शेजारी घेऊन केक कापायचा होता, ती यांनी स्वतःच्या अंगठ्यानं पुसली होती.

"पोरं तेवढी परत आण की," मला म्हणाले. म्हटलं, आणते, स्वातीखाली लावते. तर लगेच, "आईखाली कशाला? बापाखाली लाव."

बरं. आणि बापाचं नाव कुणाखाली लावू, अप्पा?

अप्पांनी परत पडद्याकडे बघितलं. तोंडातून बहिणीचं नाव काही निघेना… शेवटी म्हणाले, "लाव मग सगळंच."

म्हटलं, मी नाही. या लायब्ररीत झालेला प्रत्येक बदल जपून ठेवलेला असतो, मागे फिरायचं बटन तुमच्याच फोनवर आहे. तुम्ही काढलंत, तुम्हीच लावा. दाबलं एकदाचं. फांदी परत आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

टाळ्या कसल्या वाजवताय? आत्या परत आली ती नातवंडांच्या जिवावर. दर वर्षी टेंभुर्णीहून राखी बांधायला येणारी बहीण म्हणून नाही. याचाच मला जास्त संताप आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मग जेवणं सुरू झाली. आत्यानं चष्मा चढवला, पदराखालून फोन काढला आणि एका बोटानं टाइप करत बसली. मला वाटलं घरी मेसेज करतेय.

पडदा हलला. आजोबांच्याही वर एक नाव आलं… द्वारकाबाई. माझी आजी, अप्पांची आणि आत्याची आई. अप्पांच्या नियमात तिला कुठे जागाच नव्हती.

खाली ओळ सरकली, 'कौसल्याने द्वारकाबाई हे नाव जोडले.' आत्या शांतपणे भाकरी मोडायला लागली.

नात्याच्या हिशेबानं आजी आजोबांच्या वर चुकीची बसलीय, मला कळतंय. पण मी ते दुरुस्त करणार नाही. ही लायब्ररी लिहिणाऱ्या अनोळखी माणसाचे मनापासून आभार… वरचं काढलं की खालचं सगळं जातं, अप्पांसकट.

आता काढून बघा म्हणावं.