हलकं स्टीअरिंग

फिटरला गाडी चालवायला बायकोनं शिकवलं, हे तो चारचौघांत कधी कबूल करायचा नाही. पण खरं तेच होतं. लग्नाआधीपासून ती मालाचा टेम्पो चालवायची, आणि तीही अशी, की खड्ड्यातून गेली तरी शेजारच्याच्या हातातला चहा सांडायचा नाही. हा गडी वर्कशॉपात लोखंडाला नमवायचा, पण रस्त्यावर आला की पार गळपटायचा.

मग तिला तो आजार जडला. स्नायू झिजत जातात, औषध नाही, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. सुरुवात हातांपासून झाली होती; पाय अजून साथ देत होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, खाणीमागच्या टेकडीवर एकदा जायचंय मला. पण सामानासारखं कुणी न्यायचं नाही. गाडी मी चालवणार."

टेकडीचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे. साध्या गाडीनं पायथ्यालाच हात टेकले असते. झालं, फिटर हट्टाला पेटला. भंगारातून इंजिन आणलं, अंगणातल्या शेडमध्ये पाइप वाकवून सांगाडा जोडला, जाड चाकं लावली. घोडं अडलं ते स्टीअरिंगपाशी. धोंड्यांतून तसली चाकं वळवायची म्हणजे पैलवानाचं काम, आणि हात तर हिचे. त्यानं वजन करायचा स्प्रिंगचा काटा आणून त्याचा हूक तिच्या मुठीत दिला. "ओढ बघू." तिनं दात-ओठ खाऊन ओढलं. काटा थांबला तिथे त्यानं रेघ मारली.

"याच्या निम्म्या जोरात फिरवून दाखवतो, बघच तू!"

पहिल्या चाचणीला फजिती झाली. स्टीअरिंगचा दांडा मागे बसवायचा, तो पठ्ठ्यानं पुढे बसवला. डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे! ती अंगणात उभी राहून इतकी हसली, इतकी हसली, की लेकीला तिचे डोळे पुसावे लागले. आता, डोळे लेकीनं का पुसले, हा प्रश्न कुणालाही पडला असता. याला नाही पडला. हा दांडा खोलायला लागलाही होता.

पुढे त्यानं जिवाचं रान केलं. लेथवर बारीक दातांची चक्री कापली, स्टीअरिंगचं चाक मोठं केलं, तरी जड. मग मोडीतल्या गाडीची स्टीअरिंगला जोर देणारी मोटर जोडली, तर ती झटके द्यायची. तीही वठणीवर आणली. जेवण शेडमध्ये, झोप शेडमध्ये. लेक ताट घेऊन यायची आणि म्हणायची, "बाबा, घरात या ना थोडं." हा म्हणायचा, "आलोच." त्याचं ते आलोच काही उगवायचं नाही.

शेवटी एका सकाळी काटा लावला, तर रेघेच्या निम्मं कुठलं, पाव जोरातच चाक फिरलं! पोरासारखा ओरडत तो घरात गेला. ती स्वतःच्या पायांनी चालत आली, सीटवर बसली. लेकीनं तिचे दोन्ही हात उचलून स्टीअरिंगवर ठेवले.

"हं, फिरव!"

चाक हललं नाही.

"थांब, काहीतरी अडकलंय," म्हणत तो गाडीखाली शिरला. एकेक सांधा चाचपला, नट दाबून पाहिले. कुठे काही अडकलं नव्हतं. बाहेर येऊन त्यानं करंगळी लावली, तर चाक गर्रकन फिरलं. आणि तिचा हात त्यावरून घसरून मांडीवर पडला, तो तिथेच राहिला.

लेक म्हणाली, "बाबा, आईला घास मी भरवते. कधीपासून."

फिटरनं काट्यावरच्या रेघेकडे बघितलं. लोखंडाचं माप एकदा घेतलं की झालं. सकाळचा बारा नंबरचा नट संध्याकाळी दहाचा होत नाही. त्या हिशेबानं यानं बायकोचंही माप एकदाच घेतलं होतं.

"मी... मी आणखी हलकं करतो," तो घाईघाईनं बोलू लागला. "बोटानं नाही, हनुवटीनं फिरेल असं करतो. दुसरी मोटर आहे माझ्याकडे. थोडेच दिवस लागतील गं—"

"नको," ती म्हणाली. "अहो, टेकडी काय, शेडपलीकडेच होती. रोज दिसायची खिडकीतून. तुमचीच तेवढी नुसती पाठ दिसायची. आता कुठे जाऊ नका. बसा माझ्याजवळ."

बसणार कुठे? वजन वाढायला नको, म्हणून गाडीला त्यानं एकच सीट केली होती.

तो तिथेच मातीत बसला आणि तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकून हमसाहमशी रडला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, असं तिला फार वाटलं. तिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं आईचा हात उचलला आणि त्याच्या केसांवर ठेवला.