आई तर स्पेनमध्ये होत्या

मी मूळची पुण्याची, लग्न होऊन इंग्लंडला आले. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. आमच्याकडे साधा नियम असतो – एखादा प्रॉब्लेम पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर तो नाहीच असं धरायचं. भुतंखेतं, दृष्टांत, खरी होणारी स्वप्नं, या सगळ्याला मी आयुष्यभर हाच नियम लावत आले. माझी मावशी असल्या गोष्टी सांगायला लागली की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय. पण जे झालं ते झालं... आणि ते माझ्यासमोर झालं.

माझे सासू-सासरे सत्तरच्या दशकापासून कॉव्हेंट्रीला. बाबा गाड्यांच्या कारखान्यात होते, आई एका शाळेच्या किचनमध्ये. फोल्सहिल भागात त्यांचं टेरेस्ड, म्हणजे रांगेत भिंतीला भिंत लागून असलेलं घर होतं. पुढे रस्त्याला लागून दार, मागे चिंचोळी बाग. नील, म्हणजे माझा नवरा, तिथेच जन्मला आणि वाढला.

बाबा रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात स्पेन शिरलं. तेव्हा टीव्हीवर रोज दुपारी कुणी ना कुणी इंग्लिश जोडपं उन्हातलं घर बघत हिंडत असायचं. बाबा ते सगळे कार्यक्रम बघायचे. त्यात त्यांचे गुडघे इथल्या ओल्या थंडीने पार धरलेले. दोघं एकदा बघायला म्हणून गेले आणि मुर्सियाजवळच्या एका गावात लिंबाच्या बागांना लागून असलेलं छोटं बैठं घर पसंत करून आले. नोटरीपुढे सह्या झाल्या, दुभाष्याने सगळं वाचून दाखवलं, किल्ल्या मिळाल्या.

मी आईंना विचारलं होतं, "आई, तुम्हाला खरंच जायचंय ना?"

"ह्यांच्या गुडघ्यांना बरं वाटेल ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या. आईंचं उत्तर नेहमी असं दुसऱ्याबद्दल असायचं.

कॉव्हेंट्रीचं घर हेलन नावाच्या मुलीने आणि तिच्या नवऱ्याने घेतलं. घर बघायला आली तेव्हा ती गरोदर होती. आई तिला एकदाच भेटल्या, पण चांगला तासभर. बाळाला कुठली खोली उबदार पडेल, मागचं दार पावसाळी हवेत कसं फुगतं, सगळं समजावून सांगितलं. २००५च्या उन्हाळ्यात आई-बाबा स्पेनला गेले.

फोनवर आई मजेत वाटायच्या. "अगं, नमस्कार म्हणून जो तो मला ओला, ओला म्हणतो. आणि इथे महिनोन् महिने पावसाचा थेंब नाही!" मी हसायचे. पण असा एखादा विनोद झाला की त्यांना पुढे बोलायला काही नसायचं. मग त्या कॉव्हेंट्रीच्या गल्लीतल्या एकेकाची चौकशी करायच्या. बाबा मागून ओरडायचे, "तिला सांग, इथे जानेवारीत शर्टावर फिरतोय मी!"

पुढच्या फेब्रुवारीत हेलनचा मला फोन आला. जुन्या पत्त्यावर आलेलं टपाल ती आमच्यासाठी ठेवायची, म्हणून नंबर होता तिच्याकडे. ती इंग्लिशमध्ये बोलली, मी मराठीत सांगते.

"मला वाईट वाटतंय हे सांगायला," ती म्हणाली, "पण तुझ्या सासूबाईंकडे अजून मागच्या दाराची किल्ली आहे का? त्या आल्या तर माझी काहीच हरकत नाही गं. फक्त आधी बेल वाजवली असती तर... मी कशाही अवतारात असते."

मला काही कळेना. "कधी आल्या होत्या?"

"काल. परवापण. दुपारी मॉली फार रडते ना, तेव्हा येतात. मी हॉलमधून बघते तर किचनमध्ये खुर्चीवर बसलेल्या असतात. भेटल्या तेव्हाचीच साडी, वर निळं कार्डिगन. मी जाईपर्यंत निघून जातात. आणि हो, या घराच्या चिमणीत काही बिघाड आहे का? कारण त्या सारखं चिमणी, चिमणी म्हणतात. मी माणूस बोलावून तपासून घेतली, तो म्हणाला सगळं ठीक आहे."

इंग्लिशमध्ये चिमणी म्हणजे धुराडं. पण आमच्या आई... कुठल्याही तान्ह्या बाळाला, शेजारणीच्या, दुकानातल्या, बसमधल्या, "काय झालं गं माझ्या चिमणीला?" असंच म्हणायच्या. हेलनला हे माहीत असायचं काही कारणच नव्हतं. त्या दोघी भेटल्या तेव्हा मॉली जन्मलेलीही नव्हती.

"हेलन," मी म्हटलं, "आई स्पेनमध्ये आहेत. गेल्यापासून एकदाही आल्या नाहीत."

मग ती अगदी हळू म्हणाली, "पण... त्या बऱ्या आहेत ना?"

फोन ठेवून मी लगेच स्पेनला लावला. आईंनीच उचलला, आवाज झोपाळलेला. "काही नाही गं, आडवी झाले होते जरा. इथे दुपारी सगळं गावच झोपतं, आपणही झोपायचं." मी इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. त्यांना काही सांगितलं नाही. मुलाला कसं सांगायचं हेच कळत नव्हतं, तिथे आईंना काय सांगणार?

रात्री जेवताना नीलला सांगितलं. त्याचं मराठी इथलं, इथेच शिकलेलं. "हेलन टायर्ड असेल," तो म्हणाला. "बेबी झाल्यावर असं होतो. नवरा पण नसते घरी." तेवढं खरं होतं. तिचा नवरा ट्रक चालवायचा, चार-चार दिवस बाहेर. तिची स्वतःची आई ती लहान असतानाच वारलेली. मलाही नीलचंच पटलं, पण त्या चिमणीचं काय करायचं ते सुचेना.

शेवटी एक दिवस ऑफिसला सुट्टी टाकून दुपारी हेलनकडे गेले. म्हटलं, बघू तरी.

दार उघडलं आणि मला भुताखेताचा विसर पडला. केस विंचरलेले नाहीत, डोळे खोल गेलेले, अंगावर उलटा घातलेला स्वेटर. कडेवर मॉली, रडून रडून लालबुंद. "सॉरी हं," हेलन तीनदा म्हणाली, कशाबद्दल ते तिलाही माहीत नव्हतं. आम्ही किचनमध्ये बसलो. मी मॉलीला घेतलं, फिरवलं, पाठ थोपटली, काही उपयोग नाही. हेलन टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "मला वाटतं हिला मी आवडत नाही. त्या आल्या की मात्र गप्प होते. त्या आल्या की मलाही... म्हणजे, घरात कुणीतरी मोठं माणूस आहे असं वाटतं. तू त्यांना येऊ नका असं सांगणार नाहीस ना?"

आणि तेवढ्यात मॉली थांबली. एकदम. माझ्या खांद्यावरून ती मागच्या दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होती. मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मला काहीही दिसलं नाही, हे मी अगदी स्पष्ट लिहिते. पण मॉली बघत होती, आणि मग ती हसली. डोळ्यांत पाणी तसंच, आणि तोंडभर हसू.

हेलनने मान वर केली. "आल्या," ती म्हणाली.

का कुणास ठाऊक, मी मोबाईल काढला आणि स्पेनला फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, आई कुठे आहेत?"

"झोपलीय आत. का गं?"

"त्यांना जरा उठवा ना."

"अगं, आत्ताच तर डोळा लागलाय तिचा. काय झालं? नील बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत. प्लीज बाबा, उठवा."

त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. मग, "सुनंदा... अगं सुनंदा, ऊठ. मेधाचा फोन आहे."

इकडे माझ्या हातातल्या मॉलीचं हसू विरलं. तिने खुर्चीकडे बघितलं, ओठ काढले आणि टाहो फोडला.

आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये आईंचा अर्धवट झोपेतला, वैतागलेला आवाज – "काय हो तुम्ही पण! आत्ता कुठे गप्प झाली होती ती..."

पलीकडून बाबा विचारत होते, "कोण? कोण गप्प झाली?"

मग मी आईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्वप्न पडतं गं. आपलं किचन असतं, आणि एक बाळ रडत असतं. मला वाटायचं, तुला बाळ होणार असेल म्हणून पडतं. तुला बोलले नाही... म्हटलं, उगीच तुझ्या मनाला लागायचं." मग त्यांनी विचारलं, "ती पोरगी जेवली का आज?"

हेलन जेवली नव्हती. कालही नव्हती. ते मी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी मी थांबले, खिचडी केली, तिला खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. बाळंतपणानंतर येणाऱ्या डिप्रेशनचं नाव तिथे पहिल्यांदा निघालं आणि उपचार सुरू झाले. आणि त्याच आठवड्यात आई विमानाने आल्या. एकट्या. बाबा म्हणाले, "मी कशाला येऊ त्या गारठ्यात? योगायोग आहे सगळा. बाळं रडायचीच. पण तुला जायचंय तर जा." आणि मग, "तुला इथे करमत नाही का गं?" असंही त्यांनी विचारलं म्हणे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी आईंना विमानतळावरून परस्पर फोल्सहिलला नेलं. आम्ही बेल वाजवली. हेलनने दार उघडलं. मला वाटलं होतं, ती घाबरेल, निदान दचकेल. तसलं काही झालं नाही. तिने आईंकडे पाहिलं, मॉलीला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी जरा झोपू का?"

"जा बाळा, झोप," आई मराठीतच म्हणाल्या. ती गेली.

परक्या माणसांकडे मुळीच न जाणारी ती पोर आईंच्या मानेत तोंड खुपसून पडून राहिली. आईंनी कार्डिगनसुद्धा काढलं नाही. आम्ही दोघी किचनमध्ये बसलो, हळू आवाजात बोलत. त्या दुपारी आई मला पहिल्यांदा म्हणाल्या की तिकडे फार एकटं वाटतं. उन्हाचं काय करायचं तेच कळत नाही, म्हणाल्या. हेलन संध्याकाळपर्यंत उठली नाही.

पाचच्या सुमाराला माझा मोबाईल वाजला. बाबा होते. आवाज जरा विचित्र, ओशाळल्यासारखा.

"पोहोचली ना ती?"

"हो बाबा, इथेच आहेत. हेलनकडे."

"माहितीय. किचनमध्ये आहात." मग घसा खाकरत म्हणाले, "दुपारी जरा आडवा झालो होतो... ते जाऊ दे. त्या मुलीला सांग, सिंकखाली पाइपाचा जॉइंट ढिला झालाय. पाणी झिरपतंय. मोठ्या पान्याने एक आटा आवळला की थांबेल."

मी सिंकखालचं कपाट उघडलं. तळाची फळी काळी पडली होती, आणि जॉइंटच्या टोकाला थेंब लोंबत होता.

आज या गोष्टीला काही वर्षं झाली. आई-बाबा स्पेनलाच आहेत, दर दोन-तीन महिन्यांनी आई येऊन जातात. हेलन आता छान आहे, उन्हाळ्यात ती मॉलीला घेऊन त्यांच्याकडे राहायला जाते. आईंना ते स्वप्न त्यानंतर कधी पडलं नाही, आणि हेलनलाही त्या खुर्चीत कुणी दिसलं नाही. नील अजून कोइन्सिडन्स म्हणतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, कारण घालायला माझ्याकडे काही नाही. पुन्हा घडवूनही दाखवता येणार नाही.

बाबांना मात्र मी एकदा सरळ विचारलं होतं, पाइपाचं तुम्हाला कसं कळलं? ते बराच वेळ पेपरच उलटत राहिले.

"ती कशी आहे ते बघायला आलो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात थेंबाचा आवाज आला."