बाबांचा जुना टॅब आणि पायाचं पॅडल

मागच्या सुट्टीत चिंचपोकळीला घरी पोचलो, तर बाबांचा टॅब त्यांच्या वाजवायच्या पेटीवर नव्हता... कपाटावर होता. त्याच्यावर आईने पापडाचा डबा ठेवलेला. तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय.

हा टॅब मी मस्कतला गेलो तेव्हा पहिल्या वर्षी घेतलेला. मोठ्ठा, वहीच्या पानाएवढा. वर्षभरात कंपनीने ते मॉडेलच बंद केलं... अपडेट बंद, सुटे पार्ट बंद.

बाबा आमच्या चाळीतल्या भजन मंडळाचे बुवा. आयुष्य माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून गेलं, आता डोळे कमजोर. भजनाच्या वहीतली अक्षरं दिसत नाहीत म्हणून मी सगळ्या वहीचे फोटो काढून टॅबमध्ये टाकलेले... अक्षरं बोटभर मोठी.

पान उलटायचं काम सदाकाकांचं. शेजारच्या खोलीतले, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. बाबांचे दोन्ही हात पेटीवर, त्यामुळे सदाकाका बाजूला बसून एका हाताने पान सरकवायचे. कधी सरकवायचं ते त्यांना सांगावं लागत नाही, बाबांनी श्वास घेतला की त्यांना कळतं.

पण काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मांडी घालता येईना, म्हणून ते मागे खुर्चीत झांज घेऊन बसायला लागले. बाबा स्वतःच पान सरकवायला लागले... हात उचलला की सूर तुटायचा. त्यात टॅब अडकायचा. एका बारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, अभंगाच्या मध्येच अडकला, समोर दुसरं मंडळ बसलेलं, आणि भजन तिथेच थांबलं.

घरी येऊन म्हणाले, "ह्या गणपतीक पेटीर दुसऱ्या कोणाक तरी बसवा."

मला एका जागी बसवत नाही, हे सगळ्यांना माहितीये. दहावीला दोनदा बसलो तेही मधून उठून आलो. पण या टॅबसमोर मी चार दिवस बसलो.

माझ्या मागच्या पोस्टखाली दोन-तीन जणांनी विचारलेलं, जुन्या टॅबवर काय टाकू... तर माझा अनुभव सांगतो. आधी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. मग काय ते करा.

जुन्या अँड्रॉइडच्या जागी पहिली लिनक्स टाकली. चालू व्हायला एकदम फास्ट. पण आमच्या टॅबवर पान आडवंच राहायचं, आणि बोटापेक्षा तिला माऊस जास्त आवडायचा. बाबा पेटीवर माऊस कुठे फिरवणार?

मग नवीन अँड्रॉइड टाकलं, काही हौशी पोरांनी बनवून नेटवर फुकट ठेवलेलं. याच्यात टॅबसोबत आलेला पेन मेला, बॅटरीही तासभर कमी चालते. पण पान झटकन सरकतं आणि ब्लूटूथ पक्कं धरतं... आपल्याला तेच पाहिजे होतं.

आता अ‍ॅक्सेसरीज. कीबोर्ड बिनकामाचा. स्टँडवालं कव्हर पेटीवरून घसरायचं, तर आईने परकराची नाडी दिली, त्या नाडीने बांधलं. आणि मेन आयटम मी मस्कतहून येतानाच आणलेला... पायाने दाबायचं पॅडल. दाबलं की पान पुढे. व्हिडिओत एक पियानोवाला वापरताना बघितलेलं, तेव्हाच म्हटलं हे बाबांना घ्यायचं.

शनिवारी संध्याकाळी तालमीला सगळे जमले. मी ऐटीत पॅडल बाबांच्या पुढ्यात ठेवलं. मागून सदाकाका बोललेच, "मेल्या, माझी नोकरी यंत्राक दिलंस काय?" सगळे हसले, काका नीट हसले नाहीत.

बाबांनी पॅडलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झिला, मी मांडी घालून बसतंय. पाय खंय सोडू... खालच्या माळ्यार?"

खोली नुसती हसून फुटली. लहानपणापासून बाबांना जमिनीवर बसून पेटी वाजवताना बघतोय, आणि पॅडल आणलं खुर्चीवर बसणाऱ्याचं. पियानोवाल्याची खुर्ची माझ्या डोक्यातच आली नाही.

तरी बाबांनी माझं मन राखलं, पॅडल गुडघ्याखाली घेतलं. गजर सुरू झाला, बाबांचा गुडघा तालावर हलायला लागला... आणि प्रत्येक ठेक्याला एक पान. गजरावरून थेट गौळण, तिथून पुढे भैरवी. बाबा थांबले. पेटीचा भाता बंद केला आणि टॅब पालथा घातला.

कोणी हसलं नाही या वेळी. मला वाटलं, संपलं... आपणच संपवलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "तां हयसर सरकव रे. माझे पाय जमनीर आसत."

मी वळून बघितलं. सगळ्या मंडळात खुर्चीवर एकच माणूस... सदाकाका. झांज दोन्ही हातात, पाय मोकळे.

पॅडल त्यांच्या पायाखाली ठेवलं. बाबांनी टॅब सरळ केला, पेटी उघडली. पान संपत आलं, बाबांनी श्वास घेतला... आणि मागे खुर्चीत काकांच्या पायाचा अंगठा हलला. पान बरोब्बर पुढे. बाबांनी मागे वळूनही बघितलं नाही, फक्त आवाज एक पट्टी वर नेला.

मी परत इकडे साईटवर आलो. गणपतीत बाबाच बुवा म्हणून बसले. बहिणीने व्हिडिओ पाठवला, जेवणाच्या सुट्टीत तीनदा बघितला... बाबांचे हात पेटीवरून एकदाही उठले नाहीत.

तर ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर... नवीन अँड्रॉइड टाका, आणि पॅडल घेण्याआधी घरात कोण कसं बसतं ते बघा.

आणि सदाकाका, थँक्यू. पॅडलचे जादा सेल माझ्या कपाटात खालच्या खणात ठेवलेत, आतले संपले की बहिणीकडून घ्या.